पलटण आणि भूमिगत: जुन्या सातारा जिल्ह्यातल्या लढाईच्या दिवसांचं प्रदर्शन, कामाच्या नोंदी

८ जानेवारी २०२४

वाचनालयाच्या कार्यकारिणीने माडीवरची खोली दिली. तीन भिंती मोकळ्या आहेत, चौथीला कपाटं आहेत ती हलणार नाहीत. विषय पक्का झाला: दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं आपलं गाव आणि भोवतालचा सातारा जिल्हा, १९३९ ते १९४६. जिल्हा म्हणजे जुना, वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर धरून. १९४९ मध्ये त्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा झाले, १९६० मध्ये दक्षिणेला सांगली नाव मिळालं. आजचा नकाशा लावला तर अर्धी हकिकत जिल्ह्याबाहेर जाते, तेव्हा भिंतीवर जुनाच नकाशा येईल. त्यात औंध संस्थानचे तुकडे वेगळ्या रंगात दाखवायचे. कुंडल आणि किर्लोस्करवाडी औंधात होती, हे विसरलं तर पुढचं काहीच कळत नाही.

कार्यकारिणीची सूचना: एक भिंत स्वातंत्र्यसैनिकांची, एक माजी सैनिकांची, तिसऱ्या भिंतीवर ग्रामदैवत आणि गावचा इतिहास. ऐकून घेतलं. वहीत लिहून ठेवलं. वाद नंतर घालू.

१४ जानेवारी

चावडीच्या भिंतीतला संगमरवरी दगड धुऊन काढला. कुणीतरी कधीकाळी त्यावर ऑइल पेंट मारलेला होता, तो लाकडी चमच्याने खरवडावा लागला. हा दगड पहिल्या महायुद्धाचा. १९१९ नंतर इंग्रज सरकारने असे दगड गावोगाव बसवले: गावातून किती माणसं लढाईवर गेली आणि त्यातली किती मेली, एवढे दोन आकडे. नाव एकही नाही. सातारा तालुक्यातल्या अपशिंगे मिलिटरीची ४६ माणसं त्या लढाईत पडली, त्या गावाचं नाव तरी सर्वांना ठाऊक आहे. बाकीच्या गावांचे दगड पोस्टरं चिकटवायच्या कामी येतात.

त्या लढाईचा गावात राहिलेला शब्द म्हणजे 'बसरा'. मराठा पलटणी मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) होत्या, त्यातल्या काही कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६, शेवटी घोडे कापून खायची पाळी. आजही गावात एखादं काम लांबत गेलं की म्हातारी माणसं म्हणतात, 'बसऱ्याला गेलाय काय?'

दुसऱ्या लढाईचा तर आमच्याकडे दगडही नाही. म्हणून नावांपासून सुरुवात.

२७ जानेवारी

नावं कुठून आणायची याचा आराखडा.

एक, राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची यादी. संकेतस्थळावर 'सातारा' टाकून शोधलं की मृत सैनिकांच्या नोंदी येतात: क्रमांक, हुद्दा, पलटण, तारीख, कुठल्या स्मारकावर नाव आहे ते. गावांची नावं इंग्रज कारकुनाच्या कानाला जशी लागली तशी लिहिलेली, तेव्हा तालुका आणि शेजारचं गाव पाहून ताडायचं. तक्त्यात दोन वेगळे रकाने केले, 'यादीत लिहिलेलं गाव' आणि 'आम्ही समजतो ते गाव'. दुसरा रकाना घरच्यांनी दुजोरा दिल्याशिवाय भरायचा नाही.

दोन, जे परत आले त्यांची कुठेच एकत्र यादी नाही. त्यांच्यासाठी घरोघर फिरणं आलं. डिस्चार्जचा कागद, बिल्ले, फोटो, पत्रं.

तीन, भूमिगतांची नावं सरकारी पेन्शनच्या कागदांमुळे बरीचशी माहीत आहेत.

पहिल्या यादीत एक गोष्ट पाहून थबकलो. पुष्कळ नोंदींत बापाचं नाव, आईचं नाव आणि 'अमकीचा नवरा' असं बायकोचंही नाव आहे. गावातल्या एका घरी भाऊबंदांची वंशावळ भिंतीला फ्रेम करून लावली आहे, खापरपणजोबापर्यंत सगळे पुरुष आहेत त्यात. इटलीत मेलेल्या चुलत्याच्या खाली 'निपुत्रिक' लिहून रेघ संपवली आहे. त्याची बायको पुढे पन्नासेक वर्षं त्याच घरात राबली, ती या फ्रेममध्ये नाही. तिचं नाव परक्या सरकारच्या नोंदवहीत आहे. कार्ड करताना हे नाव वर घ्यायचं, ठळक.

११ फेब्रुवारी

एका घरी पत्र्याची ट्रंक उघडली. वर जुनी घोंगडी, खाली पिशवीत मनीऑर्डरची कुपनं. मनीऑर्डर आली की पोस्टमन पैसे द्यायचा, अंगठा घ्यायचा आणि कुपन घरच्यांकडे राहायचं. त्या कुपनावर दोन बोटं जागा मजकुराला असायची. यातली बहुतेक मराठा पलटणीच्या केंद्राची, बेळगावची, तिथून दरमहा घरचा वाटा सुटायचा. मजकूर एकाच कारकुनी वळणाचा. पण दोन-तीन कुपनांवर शिपायाने स्वतः मोडीत लिहिलंय. आमच्या तात्यांनी (निवृत्त तलाठी, मोडी वाचणारे आता गावात हेच एक) भिंग लावून वाचलं: बैल विकू नये. बैल विकू नये, मी येतो.

लढाई सुरू झाली तेव्हा शिपायाचा पगार महिना १६ रुपये होता. पहिल्या लढाईत ११. रोख पैसा गावात येण्याची वाट तेव्हा दोनच: मुंबईच्या गिरणीतून नाहीतर पलटणीतून. माण-खटावकडे पाऊस नाही, वाटण्या होऊन जमीन चार-दोन पांडांवर आलेली. 'मराठ्यांची लढवय्यी परंपरा' वगैरे मजकूर पाहुण्यांच्या भाषणासाठी ठेवावा, भरतीचं निम्मं कारण या कुपनांच्या आकड्यात आहे. निम्मंच म्हणतो. कारण त्याच गरिबीतली शेजारची पोरं गेली नाहीत, आणि काही घरांत आजा-बाप-नातू ओळीने गेले, त्यांना विचारलं तर पैशाचं नाव काढत नाहीत.

स्कॅनिंग: कुपनं ६०० डीपीआयवर, दोन्ही बाजू. शिक्के अस्पष्ट आहेत. समुद्रापलीकडून आलेल्या लिफाफ्यांवर गावाचं नाव नसतंच, फील्ड पोस्ट ऑफिसचा नुसता क्रमांक असतो. मुलगा आफ्रिकेत आहे की ब्रह्मदेशात हे घरी कळायचं नाही. सेन्सॉर ठिकाणाचं नाव खोडायचा.

२५ फेब्रुवारी

आज गावातल्या एका आज्जींचं ध्वनिमुद्रण. वय नव्वदीच्या पुढे, ऐकू कमी येतं, आठवण लख्ख. लढाईत वडील पलटणीत होते. मी प्रश्नांची यादी घेऊन गेलो होतो ती खिशातच राहिली.

'राकेल न्हवतं बघा. दिवं लावायचं करंजीच्या तेलाचं, त्येचा धूर डोळ्यात. लुगडं तर मिळायचंच न्हाई. आय आन् थोरली काकी, दोघीत एक बरं लुगडं. बाजाराला जी जाईल तिनं नेसायचं.'

कापडाच्या नियंत्रणाचा हुकूम १९४३ मधला. 'स्टँडर्ड कापड' म्हणून स्वस्त जाडंभरडं कापड निघालं तेही त्याच सुमारास. हे कार्डावर तळटीप म्हणून येईल, पण मुख्य मजकूर आज्जींचाच राहील.

मग पैसा. ढब्बू पैसा गेला आणि भोकाचा पैसा आला. तांबं लढाईला लागत होतं म्हणून १९४३ पासून सरकारने मधे मोठं भोक असलेला हलका पैसा काढला. आज्जी म्हणाल्या, पोरी ते पैसे दोऱ्यात ओवून गळ्यात घालायच्या, दुकानदार ओरडायचा. रुपयातली चांदी तर १९४० मध्येच निम्म्यावर आली होती आणि कागदी एक रुपयाची नोटही त्याच वर्षी आली. सुट्ट्याची एवढी टंचाई की वाणी चिठ्ठी लिहून द्यायचा, पुढच्या बाजारी वळती करायचा.

आज्जींनी सांगितलेलं एक मला ठाऊक नव्हतं: 'नवा टाइम'. शाळेतल्या घड्याळाचा टाइम आणि घरचा टाइम वेगळा. घरी येऊन पडताळलं. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत सगळ्या देशाचं घड्याळ एक तास पुढे केलेलं होतं. गावात मास्तर, पोस्ट आणि रेल्वे नव्या वेळेवर, बाकी सगळे जुन्या. आज्जींच्या आईने पोस्टात जायचं ते 'नव्या दहाला, म्हंजे आपल्या नऊला'.

गाड्यांचंही विचारलं. पेट्रोलवर १९४१ मध्येच रेशन आलं, मग सर्व्हिस मोटारींना मागे कोळशाची भट्टी लावून त्या गॅसवर चालवायला लागले. कराडहून निघायच्या आधी क्लीनर अर्धा-पाऊण तास पंखा फिरवून भट्टी पेटवायचा. चढावर उतारूंनी उतरून ढकलायचं. आज्जींना हे आठवून फार हसू आलं.

१७ मार्च

बौद्धवाडीत फेरी. तिथल्या दोन घरांत महार पलटणीचे कागद निघाले. कार्यकारिणीच्या कच्च्या यादीत ही घरं नव्हतीच. सैनिक म्हणजे मराठा पलटण हे गृहीत धरलेलं.

या भागाचं कार्ड मोठं हवं. १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती सरकारने बंद केली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि लढाई सरताच १९२१ मध्ये मोडली. दुसऱ्या लढाईत पुन्हा तेच. डॉ. आंबेडकर जुलै १९४१ मध्ये राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर गेले, त्यांनी भरतीचा आग्रह धरला, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. टोपीवरच्या बिल्ल्यावर भीमा कोरेगावचा स्तंभ. आंबेडकरांचं बालपणीचं शिक्षण साताऱ्यात झालं, वडील रामजी सुभेदार. तेव्हा हे लांबचं प्रकरण नाही, याच रस्त्यावरचं आहे.

एका घरातले काका म्हणाले, 'आमच्या आज्याला गावात पाणी वाढून घ्यावं लागायचं. बेळगावात त्येच आज्यानं रायफल साफ केली, रोमन उर्दू शिकला. सुट्टीवर आला तर बूट घालून चावडीपुढनं गेला. त्यावरनं गावात चार दिवस कुजबूज.' (पलटणीतली शिक्षणाची भाषा रोमन लिपीतली उर्दू होती. मराठा असो, महार असो, सगळ्यांना तीच.)

बूट घातल्याची हकिकत कार्डावर घ्यावी का, असं काकांना विचारलं. म्हणाले, 'घ्या की. नाव मात्र नको.'

३१ मार्च

रेल्वे. सगळ्या प्रदर्शनाला कणा मिळाला असं आज वाटलं.

पुणे-मिरज मीटरगेज, मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेची. सातारा रोड, कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कराड, शेणोली, भवानीनगर, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी आणि मिरज. मिरजेहून पुढे बेळगाव. भरती झालेली पोरं याच गाडीने गेली. सुट्टीवर आली ती याच गाडीने. आणि ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ तुफान सेनेने (भूमिगतांच्या प्रतिसरकारचं, म्हणजे इंग्रजांना समांतर सरकारचं, सशस्त्र दल) पगाराची गाडी अडवून लुटली ती याच रुळांवर. कुंडलचे जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ यांची तुकडी, एकोणीस हजारांवर रक्कम. त्याआधी-नंतर याच पट्ट्यात तारा तोडणं, स्टेशनं जाळणं चालू होतं. क्रांतिसिंह नाना पाटलांची कन्या हौसाताई भवानीनगरला: पोलीस ठाण्यासमोर नवरा-बायकोच्या भांडणाचं सोंग, पोलीस सोडवायला बाहेर आले, तेवढ्यात आत साथीदारांनी बंदुका उचलल्या. तेही स्टेशन याच यादीतलं.

तार तुटली की बेळगावचा निरोप अडायचा. बेपत्ता, जखमी, कैद अशा तारा याच खांबांवरून यायच्या. ज्याने तार तोडली त्याच्याच घरची तार अडली, असंही घडू शकत होतं. घडलं का, हे माझ्याजवळच्या कागदात नाही. पण खाली आहे ते वाचून ते अशक्य वाटत नाही.

१४ एप्रिल

पलीकडच्या गावचे बापू, वय ऐंशीच्या पुढे. त्यांचे दोन चुलते. थोरले मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या बटालियनमध्ये. एरिट्रियात केरनच्या डोंगरात लढले, मग लीबियात. २१ जून १९४२ ला तोब्रुक पडलं तेव्हा ती बटालियन तिथेच होती. चुलते कैद. पुढे इटलीत, आवेझानोच्या छावणीत. घरी आधी 'बेपत्ता' आलं आणि कैदेत असल्याचं कार्ड बऱ्याच महिन्यांनी.

धाकटे चुलते इंग्रजी शाळेत कराडला. ऑगस्टमध्ये 'चले जाव'. २४ ऑगस्टला कराड कचेरीवर मोर्चा गेला त्यात ते होते. सप्टेंबरात वडूजला आणि इस्लामपूरला मोर्च्यांवर गोळीबार झाला, वडूजला परशुराम घार्गे, इस्लामपूरला किर्लोस्करवाडीतले उमाशंकर पंड्या पडले. मग धाकट्याने शाळा सोडली आणि भूमिगत.

म्हणजे त्या आईचा एक मुलगा इंग्रजांसाठी लढताना इटालियनांच्या तुरुंगात आणि दुसरा इंग्रजांविरुद्ध उसाच्या फडात. दोघांतलं अंतर दोन-तीन महिन्यांचं.

मी विचारलं, 'तुमच्या आज्जीला, म्हणजे या दोघांच्या आईला, यात काही विसंगत वाटायचं का?'

बापू माझ्याकडे पाहत राहिले. 'गुर्जी, तिला दोघंबी घरात न्हवती, येवढंच दिसायचं.'

पोलीस झडतीला आले की आज्जी पलटणीचा कागद पुढे करायची. हवालदार वाचायचा, चहा प्यायचा, 'मावशी, तुमचा एक पोरगा तरी शहाणा' म्हणायचा, आणि धान्याच्या कणगीत काठी खुपसून झडती घ्यायचाच. गावावर सामुदायिक दंड बसला तेव्हा मात्र पलटणीचं घर म्हणून माफी मिळाल्याचं बापू सांगतात. त्या वटहुकमात एखाद्या व्यक्तीला किंवा वर्गाला दंडातून वगळायची मुभा होती, तेव्हा हे जुळतं. भाऊबंदांनी ती माफी बरीच वर्षं बोलून दाखवली. दंडाचा आपला वाटा आज्जीने चोरून दुसऱ्या भावकीला भरायला दिला की नाही यावर बापू आणि त्यांच्या बहिणीचं माझ्यासमोर भांडण झालं. मुद्रणात आहे. ठेवणार.

१९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहातली घोषणा 'ना एक पाई, ना एक भाई'. लढाईला पैसाही नाही आणि माणूसही नाही. आमच्या भागात ही घोषणा चावडीवर दिली जात होती आणि त्याच आठवड्यात भरतीचा अधिकारीही त्याच चावडीवर बसत होता. दोन्हीकडे पोरं मिळत होती.

७ मे

निवडणुकीची ड्यूटी. काम नाही.

१९ मे

उन्हाळी सुट्टीमुळे फेऱ्या होतायत. आजचा विषय दोघे भाऊ परत आल्यावरचा. याविषयी कुणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम.

थोरले १९४५ मध्ये आले, सोबत आफ्रिकेचा तारा, इटालियन भाषेतले चार शब्द आणि पाठीचं दुखणं. लढाईपुरती भरती झालेल्यांची नोकरी पंधरा वर्षं भरत नव्हती, म्हणून पेन्शन बसलं नाही. लष्कर दोन लाखांवरून पंचवीस लाखांवर गेलेलं, ते तेवढ्याच वेगाने खाली आलं. राज्य सरकारचं मानधन खूप उशिरा सुरू झालं, तोवर हे वारले होते. धाकट्यांना १९७२ मध्ये ताम्रपट आणि सन्मान पेन्शन. गावच्या कमानीवर त्यांचं नाव आहे, थोरल्यांचं नाही.

बापू म्हणतात, दोघांत कधी भांडण झालं नाही, पण १५ ऑगस्टला झेंडावंदनाला थोरले जायचे नाहीत, शेतावर जायचे. का, ते कुणी विचारलं नाही.

थोरल्यांचा तारा आता कुणाकडे आहे विचारलं. मोडला नसावा, तो चांदीचा नाही. पहिल्या लढाईचे काही बिल्ले चांदीचे होते आणि कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव, पलटण कोरलेली असायची. ते बहुतेक घरांत सोनाराकडे गेले, जोडवी झाली.

७ जून

शेणोलीला जाऊन आलो, मुलांना घेऊन. रूळ आता ब्रॉडगेज आहेत. मुलांना मोजपट्टी देऊन जुन्या मीटरगेजची रुंदी, एक मीटर, फुफाट्यात आखायला लावली. 'एवढीशी?' हा प्रश्न आला. एवढीशीच.

प्रतिसरकारचं कामकाज दाखवण्यासाठी फक्त गाड्या लुटल्याचं सांगून भागणार नाही. न्यायदान मंडळं, दारूबंदी, हुंड्याविना कमी खर्चातली लग्नं, सावकार आणि गुंडांना शिक्षा. 'पत्री सरकार' या टोपणनावामागे तळपायांना दिलेल्या मारहाणीच्या गोष्टी आहेत. त्यातली काही शिक्षा भावकीच्या वैरातून झाली असं सांगणारेही भेटले. तेही कार्डावर सौम्य शब्दांत घेतलंय. नुसते हार घालून लिहिलं तर मुलं उद्या आम्हालाच खोटं ठरवतील.

२८ जुलै

सलग पाऊस, माडीला ओल. छापील काहीही भिंतीला थेट चिकटवायचं नाही, लाकडी पट्टीवर लटकवायचं. ग्रंथपाल बाईंनी कपाटांमागे चुन्याच्या पिशव्या ठेवल्या.

मांडणीवर कार्यकारिणीची बैठक. माझा प्रस्ताव: भिंती वाटायच्या नाहीत. तिन्ही भिंतींवरून एकच रेघ, रुळासारखी, महिन्यांची. जे ज्या महिन्यात घडलं ते त्या जागी, सैनिक असो की भूमिगत की राकेल. उदाहरणादाखल हे जमिनीवर मांडून दाखवलं:

जून १९४२ तोब्रुक, थोरले कैद. ऑगस्ट १९४२ कराडचा मोर्चा, धाकटे त्यात. सप्टेंबर १९४२ घड्याळ तासभर पुढे, वडूज, इस्लामपूर. १९४३ भोकाचा पैसा, मे महिन्यात मुंबईला रेशनिंग, जूनमध्ये शेणोली. मार्च १९४४ सांगशाक, मणिपूरच्या डोंगरात मराठ्यांची चौथी बटालियन जपान्यांपुढे. १४ एप्रिल १९४४ या एकाच दिवसाला दोन कार्डं: मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याच्या बोटीचा स्फोट, आणि धुळ्याकडे चिमठाण्याला प्रतिसरकारने सरकारी खजिना लुटला, साडेपाच लाख. गोदीत आणि गिरण्यांत आमच्या जिल्ह्याची माणसं खच्चून होती, त्या दिवशी गावोगाव कुणाची काळजी करायची हेच कळत नव्हतं. १० जुलै १९४४ इटलीत तिबर नदीच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. ते माणगावकडचे, आपल्या जिल्ह्याचे नाहीत, तरी त्याच पलटणीतले. फेब्रुवारी १९४६ मुंबईला नाविकांचं बंड आणि शिराळ्यात मणदूरजवळ पोलिसांशी चकमक, त्यात किसन अहिर आणि नानकसिंग पडले. नानकसिंग आझाद हिंद सेनेतला, तुफान सेनेच्या पोरांना कवायत शिकवायला इकडे आलेला. इंग्रजांच्या लष्करात घोटवलेली शिस्त अशा वाटेने वाळवा-शिराळ्यापर्यंत पोचली. दोन भिंती केल्या असत्या तर नानकसिंग कुठल्या भिंतीवर टांगायचा होता?

एका सदस्यांनी स्पष्ट विरोध केला. 'सरकारी नोकरी करणाऱ्यांना हुतात्म्यांच्या शेजारी बसवता?' म्हणाले. त्यांचे वडील भूमिगत होते, तेव्हा त्यांना बोलायचा हक्क आहे. तात्या शांतपणे म्हणाले, 'अण्णा, शेजारी आपण बसवत न्हाई, ती बसलेलीच हायती. एकाच उंबऱ्यात.' अण्णांना पटलं नाही. मतदान झालं, प्रस्ताव मंजूर. अण्णांचा विरोध इतिवृत्तात नोंदवला.

त्यांच्या वडिलांचं कार्ड काढून घ्यायचं का, हे त्यांनाच विचारलं. आठवड्याने कळवतो म्हणाले.

४ ऑगस्ट

अण्णांचा निरोप: कार्ड राहू द्या, पण फोटोतल्या गांधीटोपीवर डाग दिसतोय तो काढा. डाग मूळ फोटोतलाच आहे. स्कॅनमध्ये तसाच ठेवला, छापताना प्रकाश जरा वाढवला, तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं.

बापूंच्या घरचं कार्ड सर्वांत लांबलं. दोन्ही चुलत्यांना एकाच कार्डावर घेतलं. आज्जीचं नाव मात्र मिळेना, सगळे 'आज्जी'च म्हणत होते. सात-बाराच्या जुन्या फेरफारात वारसनोंद सापडली, तिथे नाव आहे. तात्यांनी काढून दिलं. कार्डावर पहिलं नाव तिचं.

१८ ऑगस्ट

खोली १५ तारखेला उघडली. रोज माणसं येतायत आणि दुरुस्त्या सांगतायत, याचसाठी टेबलावर वही ठेवली होती. आजवर आलेलं:

पायोनियर कोअरमधल्या दोघांना आम्ही मराठा पलटणीत घातलं होतं, घरच्यांनी कागद आणून दाखवले. ते रस्ते-पूल बांधणारे, आसामातले. कार्डं पुन्हा छापायला दिली.

सर्व्हिस मोटारीच्या भट्टीचं आमचं रेखाचित्र चुकीच्या बाजूला आहे असं एका निवृत्त एसटी मेकॅनिकचं म्हणणं. त्यांना आतून कागद-पेन्सिल दिली, त्यांनी काढलेलं चित्रच लावतोय.

मनीऑर्डरच्या कुपनांची मूळ पिशवी घरच्यांना परत द्यायची आहे. ते वाचनालयाला ठेवा म्हणतायत, पण इथली ओल बघता जिल्ह्याच्या अभिलेखागाराशी बोलून मग ठरवू. तोपर्यंत स्टीलच्या डब्यात, कडुलिंबाच्या पाल्यासकट, बाईंच्या घरी.

माण तालुक्यातून एकांचा फोन आला, त्यांच्याकडे कैदेतून आलेली कार्डं आहेत म्हणे, इटालियन शिक्क्याची. ऊसतोड सुरू व्हायच्या आत जाऊन यायला हवं, नंतर त्या घरी कुणी सापडायचं नाही.